कुंपणाजवळचं बिननावाचं जिरेनियम

अहो,

मी तुमच्या बहिणीकडे चालले आहे. भांडून नाही, त्या जिरेनियमपायी.

महिनाभर तुम्ही भिंग घेऊन कुंपणाशी उकिडवे बसताय. मोबाइलला फोटो दाखवला की तो रोज वेगळंच नाव फेकतो. रोपवाटिकेतले काका म्हणाले, "वहिनी, अशी दिसणारी छप्पन्न असतात. ज्यानं लावलं त्यालाच विचारा." लावलं होतं वन्संनी. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही खताच्या पिशवीवरचा मजकूर वाचायला लागलात.

नाव कळल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तुमचा हट्ट. तोवर झुडूप मधोमध वाळून पोकळ झालंय. थंडीत मातीत दडी मारून दर वर्षी परत येणारं रोप ते. पुढच्या वर्षी नाही आलं, तर कुणाच्या नावानं खडे फोडणार? मला तर दोघांचाही वीट आलाय, त्याचा आणि तुमचा.

आई गेल्या तेव्हा तुम्ही बहीणभाऊ एकमेकांना काय बोललात, ते मी उकरत नाही. पण वन्संचा कप मी फळीवर पुढे ठेवते आणि तुम्ही तो मागे सरकवता, हे मला दिसतं.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

पान दाखवलं तर वन्सं म्हणतील, अख्खं रोप बघितल्याशिवाय कसं सांगू? म्हणून पान नेतच नाही, त्यांनाच घेऊन येते. बेल वाजली की बाथरूममध्ये शिरू नका, दार तुम्हीच उघडा. आणि बोलायला काहीच सुचलं नाही, तर रोपाचं नाव विचारा.