नमुन्याचा घसा

१२ नोव्हेंबर, शनिवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. वाचताना तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. घरमालकांनी जिन्याला भडक निळा रंग दिलाय, बघून डोळे दुखतात. दवाखान्यात नवीन दुर्बीण आलीय. नाकातून बारीक नळी घालायची, रंगवलेलं पाणी पाजायचं आणि ते अन्ननलिकेत जातंय की श्वासनलिकेत, ते पडद्यावर बघायचं. पक्षाघात झालेल्यांचे हातपाय सगळे बघतात, घशाकडे कुणाचं लक्ष नसतं.

माझ्या हाताखाली दोघी शिकायला आहेत. एक चष्मेवाली, जरा अतिशहाणी; दुसरी अबोल. निरोगी घसा कसा दिसतो हे दाखवायला दरवेळी मीच खुर्चीत बसते. फुकटचा नमुना! गेल्या महिन्यातही बसले. चष्मेवालीने नळी घातली, मी हिरवं पाणी प्यायले आणि पडद्याकडे पाहिलं.

गिळून झालं तरी घशातल्या खाचांत पाणी साचलेलं होतं. मग त्यातली एक बारीक धार स्वरतंतूंमधून खाली श्वासनलिकेत उतरली. निरोगी घशाने लगेच खोकून ती बाहेर फेकली असती. मला साधा ठसकाही लागला नाही.

"बघ, नॉर्मल असा दिसतो," चष्मेवाली दुसरीला म्हणाली. "थोडं राहतंच मागे."

मॅडमचा घसा म्हणजे नॉर्मलच, त्या दोघींना शंका येणार कशी? मी नळी काढायला लावली, तोंड पुसलं आणि "हो" म्हणाले. हो म्हणाले गं! दुसरं काही सुचलंच नाही. पळून तरी कुठे जाणार? घसा बरोबरच येणार होता.

तेव्हापासून अडकल्यासारखं झालंय. रोज त्याच खोलीत, त्याच पडद्यावर, दुसऱ्यांच्या घशांत माझं पुढे काय होणार ते बघत बसते. इतरांना निदान आशा तरी करता येते. मला सगळं पाठ आहे.

या आठवड्यात एक बसड्रायव्हर आले, पक्षाघाताचे. मी मीटिंगला होते, चष्मेवालीनेच तपासलं. तशीच धार, ठसका नाही. 'हे तर मॅडमसारखंच आहे,' म्हणून तिने त्यांना पाणी प्यायची परवानगी दिली. आता त्यांना न्यूमोनिया झालाय, ऑक्सिजन लावलाय. त्यांची बायको मला विचारते, "मी पाणीच तर पाजलं ना हो?"

आज सकाळी दोघींना समोर बसवलं आणि माझंच रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, हा घसा माझा नाही असं समजा आणि सांगा. चष्मेवालीने ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. शेवटी अबोलच बोलली, "मॅडम, या पेशंटचं पाणी बंद करायला हवं." आणि तिला रडूच फुटलं. चूक तुमची नाही, माझी, असं मी दोघींना सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनाही सांगून आले. ड्रायव्हरांच्या बायकोला सांगायचं राहिलंय. हे पत्र टाकलं की तिच्याकडेच जाणार आहे.

ताई, बाबांचं स्नायूंचं दुखणं घशापासून असंच सुरू झालं होतं. आपल्याला कळलं तेव्हा त्यांना हातात पेलाही धरवत नव्हता. हे पुढच्या पिढीत उतरू शकतं, असं डॉक्टर आपल्या दोघींसमोर म्हणाले होते. नंतर तू तो विषय काढला नाहीस, मीही नाही.

मला फार भीती वाटतेय. माझी वाटते त्याहून तुझी जास्त वाटते. भावोजींना काहीही कारण सांग आणि निघून ये. नळी मी स्वतः घालीन, दुखू देणार नाही. फक्त 'मी ठणठणीत आहे, पाणी पिताना मला कधी ठसका लागत नाही' असं लिहून पाठवू नकोस. मलाही लागत नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी