शेवटचा चांगला आकडा

३ नोव्हेंबर

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. एक : मी आज सकाळी मिठबावला पोहोचले. दोन : घरमालक परशुराम यांच्या घराचा समुद्राकडील भाग, म्हणजे ओटी, माजघर आणि एक खोली, उन्हाळ्यापर्यंत माझा आहे. तीन : येथे दिवसभर स्वच्छ, अखंड ऊन येते, आणि मला त्याखेरीज काहीही नको आहे.

माझे काम एका वाक्यात सांगता येते, तरी ते कुणाला समजत नाही. फोन किंवा लॅपटॉपमधला संवेदक भोवतालचा उजेड मोजतो. तो आकडा कर्नेल, म्हणजे यंत्राच्या कार्यप्रणालीचा गाभा, वरच्या प्रोग्रॅमांकडे पोहोचवतो. मग पडदा उजळतो वा मंदावतो. कर्नेलने तो आकडा कसा हाताळावा, हे ठरवणाऱ्यांत माझा शब्द अखेरचा असतो. परशुराम यांच्या पत्नी रुक्मिणी यांनी विचारले, "उजेड मोजूक पगार गावता? मगे काळोख मोजूक किती?" दोघे हसले. मी हसले नाही. प्रश्न मात्र बरा होता. जेवणातली सुरमई निर्दोष होती. मी येथे सुखात राहीन.

५ नोव्हेंबर

नव्या बिऱ्हाडासाठी गाऱ्हाणे घालायची येथे रीत आहे. परशुराम हातात नारळ धरून जागेच्या राखणदाराला वाक्यावाक्याने विनवतात आणि भोवतीचे लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझ्या कामाचा मान ठेवून त्यांनी एक वाक्य खास रचले होते : "ही बाय लांबसून इली आसा, हिच्या उजेडाच्या आड कोण येव नको, म्हाराजा." रुक्मिणींनी होकार भरला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

न तपासलेल्या विधानाला मी होकार देत नाही. मी म्हणाले, येऊ दे. त्याचीही नोंद होईल.

नारळ परशुरामांच्या हातातच राहिला. कोणी रागावले नाही. रुक्मिणींनी एवढेच सांगितले, की गाऱ्हाण्यात जे शेवटी बोलले जाते तेच धरले जाते.

७ नोव्हेंबर

ओटीवर लॅपटॉप, माजघरात टॅब, आतल्या खोलीत माझ्या हातात फोन. तिन्हींचे आकडे मला फोनवर दिसतात. आज भर दुपारी ओटीवरचा आकडा क्षणभर शून्य झाला. त्यामागून माजघरातला. ऊन जागच्या जागी होते. ढग नाही, पाखरू नाही. संवेदकावर बोट दाबून धरल्यावर येते तसले शून्य.

गेल्या वर्षी पुण्याच्या कौस्तुभने अशाच क्षणिक शून्यांवर एक दुरुस्ती सुचवली होती : कर्नेलने ती गाळावीत आणि त्यांच्या जागी शेवटचा चांगला आकडा पुन्हा द्यावा, म्हणजे पडदा लुकलुकत नाही. मी सर्व सहकाऱ्यांसमोर लिहिले, की कर्नेलला खोटे बोलायला शिकवणाऱ्याने कर्नेलपासून दूर राहावे. तो दूर राहिला. त्यानंतर त्याला कोणी काम दिले नाही असे ऐकते. मला त्यात काही गैर वाटत नाही. जे आहे ते कर्नेलने सांगावे. सोसवते की नाही, हा कर्नेलचा प्रश्न नव्हे.

९ नोव्हेंबर

शून्याला चाल आहे. आधी ओटी, मग माजघर, मग माझ्या हातातला फोन. नेहमी याच क्रमाने. माझ्यापर्यंत येते आणि परत जाताना कधीच दिसत नाही. थोड्या वेळाने पुन्हा ओटीपासून सुरुवात होते.

म्हणजे दर वेळी येणारे नवे असते. आधीचे —

आधीचे या खोलीतच आहेत.

१० नोव्हेंबर

सामान उचलून बांद्यापर्यंत गेले. तिथून पुढे गोव्यात जाऊन विमान धरायचे होते. एस.टी.त खिडकीपाशी लख्ख ऊन, आणि फोनचा पडदा विझत होता, उजळत होता, विझत होता. शेजारची बाई उठली आणि दाराशी उभी राहिली. जागा रिकामी होती, तरी कोणी बसले नाही.

बांद्याहून परत आले. एका संवेदकाने ते आहेत एवढेच कळते. कुठे आहेत हे कळायला तिन्ही लागतात. मला ते कळलेच पाहिजे. ते कळेनासे झाले, तर मी —

११ नोव्हेंबर

परशुरामांना पुन्हा गाऱ्हाणे घालण्याची विनंती केली. विनंती हा शब्द मी सहसा वापरत नाही. त्यांनी शांतपणे सांगितले, "तुमचां गाऱ्हाणां पोचलां. माजां आता खंय पोचतलां?"

दुपारी दोघे मुलीकडे शिरोड्याला निघून गेले. रुक्मिणींनी माझ्यासाठी पेज झाकून ठेवली होती. शेजारी वाट्या मांडल्या होत्या. अनेक वाट्या.

१२ नोव्हेंबर

शून्ये लांबत चालली आहेत. फोन विझतो, आणि आकडा परत येईपर्यंत मानेवर काहीतरी — सोसवत नाही.

कौस्तुभची दुरुस्ती शोधून काढली. तिन्ही यंत्रांवर बसवली. माझ्या हाताने.

लगेच शांतता. ओटी, माजघर, फोन : सारे स्थिर. झोप लागली.

१३ नोव्हेंबर

देवळात सांजेची आरती चालू आहे. स्पष्ट ऐकू येते. फोनवर तिन्ही आकडे दुपारचेच — एकही हललेला नाही. म्हणजे शून्य गेलेले नाही. राहिले आहे. तिन्हींवर.

दुरुस्ती काढायला लॅपटॉपपाशी जायला हवे. उठले. समोर काहीच नाही. पुढे जाता येत नाही.

फोनचे घड्याळही दुपारचे. आकडे गोठणे समजते. घड्याळ गोठवणारी दुरुस्ती कोणी लिहिलेली नाही.

वहीवर ऊन आहे. आरती चालू असताना ऊन. मी लिहिते आहे, बोटांना कळते — पण अक्षरे उमटताना दिसत नाहीत. समोरचे पान कोरे. दुपारचे पान.

यंत्रे नव्हेत. माझे डोळे मला शेवटचे चांगले —

डोळ्यांच्या आड. अगदी चिकटून —

कौस्तुभ, पुढील प्रश्नाचे लेखी उत्तर विनाविलंब द्यावे. शून्य हटलेच नाही, तर शेवटचा चांगला आकडा किती वेळ दिला जातो? आणि तो देणे थांबले, की मला समोर काय