कणगीतले तीन दिवस

बार्शीची निर्वासित छावणी, ऑक्टोबर १९४८

धाकट्या बहिणीसारख्या खैरुनबीस मथुरेचा जिवाभावाचा सलाम.

निजामाचं राज्य गेलं, मी बरी हाय. हे पत्र छावणीतल्या वर्तमानपत्राचे बब्रुवान मास्तर लिहून घेतायत. त्यांच्या पेपरात मुसलमान म्हटला की रझाकारच. म्या विचारलं, "मग रझाकार दारात असताना मला तीन दिवस धान्याच्या कणगीत लपवणारी कोण?" मास्तरांनी ते सारं तुझ्या नावासकट छापलं. तुझी भाकरी करपते, तेवढं छापू दिलं न्हाय. तीच खायची आस लागलीय.

आता गावोगाव लोक मुसलमानांवर सूड घेतायत म्हणं. तुझा नातू हनीफ घरीच हाय ना?

दारात कुणी आलं, तर सोबतचा पेपर वाचायला दे. न्हाईच ऐकलं, तर दोघं कणगीत बसा. झाकण लावायला मी निघालेय.

तुझी थोरली,
मथुराबाई (अंगठा)