कोणत्या महिन्याचा वारा

कॉन्स्टान्झ, पश्चिम जर्मनी
१२ मार्च १९७८

तीर्थस्वरूप मामांस,
देवेंद्रचा शि. सा. न. वि. वि. घरात सर्वांना जयजिनेंद्र.

आईने पाठवलेल्या ज्वारीच्या बिबड्या पोचल्या. वाटेत चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. तिला सांगा, चव शाबूत होती.

मामा, तुम्हाला आवडेल अशी एक चीज सांगतो. इथे समुद्र नाही, पण मोठं सरोवर आहे. त्यावर गेल्या उन्हाळ्यात मी विंडसर्फर नावाची शीडफळी चालवायला शिकलो. साधारण बारा फुटांची फळी पाण्यावर तरंगते. तिच्यावर उभं राहायचं आणि डोलकाठी शिडासकट हातांनी पेलायची. काठी घट्ट बसवलेली नसते, कुठेही कलते. सुकाणू नाहीच, काठी पुढे-मागे कलवली की फळी वळते. फळीच्या पोटातून पाण्यात एक लाकडी पातं जातं, ते नसलं तर वारा सगळ्यालाच आडवं ढकलत नेतो. इथले लोक त्या पात्याला तलवार म्हणतात.

सप्टेंबरात कारखान्याशी माझा करार संपतो, आणि दिवाळीला मी घरी येतो. येताना एक फळी आणून धनज रस्त्यावरच्या तलावात घालावी असं मनात आहे. पण सामान तलाव पाहून निवडायचं असतं. पाणी साधारण किती खोल? वारा साधारण कसा? शीड ५.६ मीटरचं घेऊ का? तुमच्याइतकं बारकाईने दुसरं कोणी सांगणार नाही.

आईला नमस्कार. मी दूर आल्याचा तुमचा राग पत्रागणिक थोडा कमी करत जावा, ही विनंती.

आपला भाचा,
देवेंद्रकुमार

कारंजा लाड
२ एप्रिल १९७८

चि. देवेंद्रकुमार यास ज्ञानचंद मामाचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

एका पत्रात तू तीन वेळा 'साधारण' लिहिलंस. साधारण मापाचा सदरा कोणालाच होत नाही, हे मी तुला गल्ल्यावर बसवून शिकवलं होतं. मी मॅट्रिकला बसलो नाही, पण माप म्हणजे माप.

भाऊसिंग तलावात शिंगाडे लावतो, त्याच्या डोंग्यातून मी फिरून आलो. दोरीला लोखंडी वजन बांधून खोली घेतली. भिंतीपाशी आज पाणी छातीइतकं आहे, मधे गळ्याइतकं, आणि पैलतीराकडे मांडीपर्यंतसुद्धा नाही. वैशाख उतरला की ह्यातलं निम्मं राहील. पाऊसकाळ सरता सरता मात्र भिंतीपाशी दोन पुरुष पाणी होतं. शिवाय शिंगाड्याचे वेल. तेव्हा तुझ्या तलवारीची लांबी आधी कळव. चिखलात रुतली तर तू कुठे जाशील?

आता शिडाचं. ५.६ मीटर म्हणालास, पण पन्हा किती? रुंदी सांगितल्याशिवाय कापड मागणारं गिऱ्हाईक मी दुकानाची पायरी चढू देत नाही, तू तर घरचा. छत्तीस इंची पन्ह्याचा लट्ठा तेवढा फाडून ठेवला आहे. एवढ्या कापडात एक मोठा माणूस वाऱ्यावर जातो, हे मला अजून पटलेलं नाही. काठी हातातून सुटली तर पाण्यात जाते की फळीलाच राहते? माणूस वाऱ्याकडे तोंड करतो की पाठ? सगळं सविस्तर लिही.

तुझी आई तलवारीचं ऐकून दचकली. अहिंसेच्या घरात तलवार कायले पाह्यजे म्हणे. समजूत घातली. तिने मला आणखी एक बजावलं आहे. तू कायमचा येतोस की परत जातोस, हे विचारायचं नाही. विचारलं तर तो माह्यासाठी हो म्हनंल आन् मंग जलमभर तोंड पाडून बसंल, असं तिचं म्हणणं. रोज पोस्टमन गेल्यावर दारातच उभी राहते, पण विचारू देत नाही. म्हणून मी विचारत नाही. विचारलेलं नाही, एवढं ध्यानात घे.

उत्तराला उशीर झाला तर मी वेगळं धरीन, प्रेमाचा वांधा समजीन.

तुझा मामा,
ज्ञानचंद

कॉन्स्टान्झ
२३ एप्रिल १९७८

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कारखान्याच्या उपाहारगृहात वाचलं आणि एकटाच हसत सुटलो. मामा, ५.६ मीटर म्हणजे चौरस मीटर. लांबी-रुंदी धरून सगळ्या शिडाचं क्षेत्रफळ. पन्ह्याचा इथे संबंधच येत नाही, शीड तिकोनी असतं.

तलवार दोन तऱ्हेची मिळते. लांब आहे ती सव्वादोन फुटांची. मंद वाऱ्यात, खोल पाण्यात तीच बरी. आखूड असते ती मागे कललेली, उथळ पाण्याला आणि जोराच्या वाऱ्याला. शिडाचंही तसंच. वारा मंद तर मोठं, वारा दांडगा तर चार चौरस मीटरचं. माणसाचं वजनही धरावं लागतं, हलक्या माणसाला लहान पुरतं. काठी सुटली की शीड पाण्यात पडतं, पण फळीपासून तुटत नाही. पाठ वाऱ्याकडे करायची.

खोकं बोटीने जाईल. त्यात एकच शीड आणि एकच तलवार मावेल, म्हणून निवड नीट व्हायला हवी. वारा कसा ते लिहा, मी त्याप्रमाणे घेतो.

आईला काय लिहावं ते सुचत नाही, नमस्कार तेवढा सांगा. तुमची माया अशीच बारीक टाक्याची राहो.

आपला,
देवेंद्र

कारंजा लाड
१८ जून १९७८

चि. देवेंद्र यास आशीर्वाद.

छत्तीस इंची पन्ह्याने ५.६ मीटर लट्ठा म्हणजे पाच चौरस मीटर आणि वर एक दशांश. म्हणजे माझी चूक जेमतेम अर्ध्या चौरस मीटरची. पन्ह्याचा संबंध नाही असं पुन्हा लिहू नकोस.

कापड फाडून झालंच होतं, ते वाया का जाऊ द्यावं? तिकोनी बेतून शिवलं, काठाला निवार लावली, वेळूची काठी केली. फळीचा प्रश्न होता. दुकान बंद करायच्या जुन्या फळ्या माळ्यावर पडल्या होत्या. त्या जोडल्या, खाली तेलाचे रिकामे डबे तोंडाला डाक देऊन, बंद करून बसवले. तुझ्या त्या कुठेही कलणाऱ्या सांध्यासाठी जुन्या जीपच्या टायरचा तुकडा घेतला. मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर भाऊसिंगच्या साक्षीने मी तलावात उतरलो. वाऱ्याने शीड भरलं, चार हात पुढे गेलो, खरोखर गेलो, आणि सगळं उलटलं. भाऊसिंग भिंतीवरून ओरडला, शेटजीचं दुकान बुडालं! ते रस्त्याने जाणाऱ्या कोणी अर्धवट ऐकलं. दुसऱ्या दिवशी रिसोडचे व्यापारी सांत्वनाला आले. फळ्या दुकानाच्या होत्या हे समजावताना नाकी नऊ आले. चहा मात्र सगळे पिऊन गेले.

तुझ्या आईचं एकच म्हणणं, तलावाचं न गाळलेलं पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही. तेव्हा पडताना मी तोंड मिटून घेतो. तूही सवय कर.

आता वारा. मी तलावाच्या भिंतीवर काठीला लट्ठ्याची पट्टी बांधून पाहतो आहे. होळीच्या सुमारास वावटळी, भरवशाच्या नाहीत. वैशाखाच्या मध्यापासून पश्चिमेचा वारा धरतो तो श्रावणापर्यंत, टोपी राहू देत नाही. दिवाळीनंतर तलाव काठोकाठ, पण चुलीचा धूर सरळ वर जातो. म्हणजे हिवाळ्याला मोठं शीड, लांब तलवार. उन्हाळा-पावसाळ्याला लहान शीड, आखूड तलवार. हे माझं उत्तर. पण उत्तर पुरं व्हायला तुझ्याकडून एक माप यायचं राहिलं. कोणत्या महिन्याचा वारा धरू?

दुसरं असं की, बारा फुटांच्या फळीच्या खोक्यात दोन शिडं मावत नाहीत, हे तू कोणाला सांगतोस? कापडाच्या दुकानदाराला? शिडाची घडी उशीएवढी होते. मग एकच का? मी विचारत नाही आहे. सामानाचं बोलतो आहे.

माझा राग-लोभ दोन्ही तुझ्यासाठी जागे आहेत, हे विसरू नये.

मामा,
ज्ञानचंद

कॉन्स्टान्झ
९ जुलै १९७८

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही शिडं मावतात. तुम्ही बरोबर धरलंत.

मार्गशीर्ष आणि पौषाचा वारा धरा. कार्तिक लागताना येईन, माघात परत निघेन. तीन वर्षांच्या नव्या करारावर मी मेमध्येच सही केली. इथे एका यंत्राचं पूर्ण काम माझ्या हाती दिलं आहे, मामा. पहिल्या रेघेपासून ते चालू होईपर्यंत. मला ते सोडवत नाही. कोणी अडवलं नाही, माझं मीच ठरवलं.

फळी आणायची ती ह्यासाठी, की गेल्यावरही माझं काहीतरी तिथे तरंगत राहावं. लिहिताना हे किती पोरकट वाटतं! आईला मी परत येतो असं कधी म्हणालो नाही, पण येणार नाही असंही म्हणालो नाही. तुम्ही सांगा तिला. मला जमत नाही. आणि मोठं शीड घेऊ ना, तेवढं कळवा.

तुमच्या मनात मला जागा राहील अशी आशा धरणारा,
देवेंद्र

कारंजा लाड
३० जुलै १९७८

चि. देवेंद्र यास आशीर्वाद.

मी सांगितलं नाही. माझ्या तोंडून गेलं असतं तर माप बदललं असतं. तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. ती डाळ निवडत होती. वाचलं, डाळ पुरी निवडली, मग बाहेर येऊन मला म्हणाली, तुमी दोघं मामा-भाचे येका टोपलीतले, फळीवर बसून गोष्ट शिडाची करता, मनातली नाई. रडली नाही असं लिहिणार नाही. रात्रीचं तुझ्या आईचं मला माहीत नाही, पण सकाळी डोळे सुजलेले होते. तरी देवदर्शन चुकवलं नाही. बाकी ती स्वतः लिहिते म्हणाली, तिचा कागद सोबत आहे.

मला तुझा राग आला. दोन दिवस दुकानात कोणाशी धड बोललो नाही. मग तुझं यंत्राचं वाक्य पुन्हा वाचलं. पहिल्या रेघेपासून. काम असं हातात आल्यावर मी तरी सोडलं असतं का? नसतं सोडलं. एवढंच लिहितो.

आता सामान. सामान कोणासाठी निवडायचं? जो त्या पाण्यावर जास्त दिवस असेल त्याच्यासाठी. तू दोन-तीन महिन्यांचा पाहुणा. बाकी वर्षभर तलावावर मी आहे. धान्यवाल्या रामसिंगच्या काट्यावर वजन केलं, ओल्या धोतरासकट बावन्न किलो भरलो. म्हणून लहान शीड आणि आखूड तलवार आधी घे, ती माझी. मोठं शीड आणि लांब तलवार त्याच खोक्यात टाक, ती तुझी. तू नसताना तुझ्या शिडाला मी हात लावणार नाही. उंदीर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवीन. सांधा मात्र दोन आण. टायरचा फाटला.

परवा भिंतीपासून वडाच्या झाडापर्यंत न पडता गेलो. वळता येत नाही. ते येऊन शिकव.

तुझ्यावरची माया मी मोजलेली नाही, मोजायला लावू नकोस.

मामा,
ज्ञानचंद

(सोबत)

चि. देवेंद्रले आईचा आशीर्वाद.

तुयं पत्र मी वाचलं. मामाच्या हातानं काहून धाडलं? मी काय परकी हाओ? तुले तिकडं काम गोड लागून राह्यलं तं लागू दे. मी तुले अडवाले बसली नाई. मले त्रास होते तो येगळ्याच गोष्टीचा. चार वर्सं झाले, दरवाजा वाजला का मले वाटे तू आला. आता तसं नाई वाटनार. आता झोप तरी लागंल.

काल तुया मामाले पाहाले तलावावर गेली होती. कसा उभा राह्यते काय सांगू! जशी बगळ्याले धोतर नेसवलं. मी भिंतीवर बसून लय हासली. पडला तं तोंड गच्च मिटलं होतं त्यानं, खरं हाये.

येकच मागनं हाये. कवा येनार ते आधी नाई लिवलं तरी चालते. कवा जानार ते पयले लिवत जाय. म्हनजे मले पुरते दिवस तुयाशी बोलता येते.

तुयी आई,
अंगुरीबाई