सहदेवी की सशाचा कान

१२ जानेवारी १९९४

वसुमती ओरत्तनाडूहून येऊन गेली. माझ्या बायकोची, कनकाची, धाकटी बहीण. जेवताना पानाकडे बघत म्हणाली, "भावजी, डॉक्टरांनी लिव्हर गेलं असं लिहिलंय. तुम्ही अक्काला रोज कसला पाला आणून देत होतात?"

सहदेवी, म्हटलं. तापावर आमच्या घरी तीच देतात.

"नक्की सहदेवीच?"

मी ताक वाढून घेतलं.

१३ जानेवारी

नक्की नाही! आमच्या घरची रीत — फूल यायच्या आत, मुळासकट उपटायची. फूलच नाही तर ओळखायची कशावरून? आजी उपटायची तसं मीही उपटलं. ऑक्टोबरात नऊ दिवस, वेण्णार नदीच्या बांधावरून, रोज एक जुडी — केळीच्या सोपटानं बांधून. कनका म्हणायची, "ठेवा तिथं. उकळून कषायम मी करून घेते." दुसऱ्या दिवशी विचारलं की तोंड वाकडं करायची — "फार कडू हो."

नोव्हेंबरात गेली.

१४ जानेवारी

पोंगल. यंदा आपल्याकडे नाही.

१७ जानेवारी

बांधावर त्याच जागी गेलो. आता जांभळी फुलं आहेत. काहींच्या म्हाताऱ्याही झाल्यात. कागदाच्या पुडीत घेतल्या, श्वास रोखून — उडाल्या तर पुरावा गेला.

कृष्णस्वामी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी एक म्हातारी भिंगाखाली धरली. बराच वेळ. सहदेवीच्या फळावर केसांच्या दोन ओळी असतात म्हणाले, बाहेरची अगदी आखूड. इथे ती आखूड ओळच नाही. शिवाय फळाला पाच कंगोरे. मलाही दाखवलं. मोजले. पाच.

"सार, ही सहदेवी नव्हे. मुयल्चेवी. सशाचा कान."

विषारी का, विचारलं. ते भिंग पुसत राहिले. लोक भाजी करून खातात म्हणाले. पण रोजचा काढा यकृताला सोसेलच असं नाही, त्यातून माणूस आधीच आजारी असेल तर —

१८ जानेवारी

मीच.

२० जानेवारी

एसटीडी बूथवरून वसुमतीला फोन केला. परवा कनकाचं मासिक श्राद्ध आहे, ये, काही सांगायचंय. आत्ताच सांगा, म्हणाली. माझ्यामागे चार माणसं उभी होती. ठेवला.

२२ जानेवारी

गच्चीवर कावळा शिवेना. वसुमती खाली वाट बघत होती — घासाची नव्हे, मी काय सांगतो याची. पान उचलून परसात नेलं, कनकाच्या खिडकीमागच्या बोळात. तिथं कुणी जात नाही.

खिडकीखाली सोपटाच्या गाठी. माझ्या हातच्या! काही जुड्या वाळून गेलेल्या, काहींनी पावसात मुळं धरली, फुलल्या, आता म्हाताऱ्या उडताहेत. पान खाली ठेवलं आणि मोजल्या.

नऊ.

एकही उकळली नव्हती तिनं. "फार कडू हो" — रोज!