तानेतली हाळी

पाटोद्याजवळच्या वस्तीवरून
ता. १२ डिसेंबर, गुरुवार

दीपमाले,

"माय, तुला येड लागलंय" म्हणलीस आणि फोन कापलास. मागं जावई हसल्यालं मला ऐकू आलं. म्हणून लिहायला बसले. कागदाला बटण नसतं.

आता आशीर्वाद घे. इथं आमी बरे हाओत. भुऱ्या मेंढीला जुळं झालं. तुझा भाऊ रामेश्वर मेंढरं घेऊन गंगथडीला गेलाय, तिकडं त्याचा फोन लागत न्हाई. ताराबाईच्या सुनेला पोरगा झाला, रंगानं बापावर गेलाय, म्हणून सासू जेवंना.

मोहिनीचं गाणं बघितलं. तू ताराबाईच्या सुनेच्या मोबाईलवर धाडलं होतंस ते. सगळी वस्ती बाजंभोवती जमली. रेशमाचं परकर-पोलकं, केसात गजरा, मागं तंबोरा. आमच्या रामेश्वरची पोरगी वळखू येईना. वस्तीवरचे आप्पा म्हणले, "साखराबाई, नातीनं नाव काढलं!" मी म्हणलं, नाव काढंल, पण हाडं कावून निघालीत तिची? तिथं जेवायला घालत्यात का नुसतं सूर पाजत्यात?

गाणं शिकणं वाईट असं माझं म्हणणं न्हाई. शहरातल्या पोरींना गल्लीत मास्तर भेटतो. आमच्या पोरीचा गळा मेंढरांशिवाय ऐकतंय कोण? पाटोद्याच्या शाळेत त्या गाण्याच्या संस्थेची गाडी आली, एवढ्या पोरांत हिलाच निवडलं, ठेवून घेऊन फुकट शिकवतो म्हणले. रामेश्वर नको म्हणत होता. मीच म्हणलं, जाऊ दे. आत्या म्हणून तू त्याच गावात हाईस, जावई त्याच संस्थेची गाडी चालवतो, पोरगी काय परक्यात चालली न्हाई.

दिवाळीला पोरगी धाडली न्हाई. "रियाज हाय." फोन केला की संस्थेच्या मोठ्या बाई संगट बसून बोलू देत्यात. पोरगी "बरी हाय आजी" एवढंच म्हणती, पढवल्यागत. दिंद्रुडची एक पोरगी तिथनं पळून आलीय. बाजारात तिची आजी भेटली. म्हणली, पोरगी आंघोळीला कडी लावून बसती ती बाहेर येईना. कावून विचारलं तर आजीनं पदर तोंडाला लावला. मी पुढं विचारलं न्हाई.

आता ऐक.

गाणं रंगात आलं, पोरीनं लांब तान घेतली. वर नेली, वर नेली, आणि वरच दोनदा तोडली. तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं माझ्या बाजंखालचा लाल्या ताडकन उठला, अंगावरचे केस उभे, आणि भुंकत मेंढवाड्याकडं पळत सुटला. कुत्र्याला गाण्यातलं काय कळतंय?

ती तान नव्हती दीपमाले. ती लांडग्याची हाळी होती, लांडगा दिसला की माणसं बोलवायला देत्यात ती.

मेंढक्याचं लेकरू ती हाळी खेळात देत न्हाई. तू लहानपणी एकदा गंमत म्हणून दिलीस, तवा तुझ्या बापानं पाठ सुजवली होती. मोहिनी सातव्या वर्षी एकटी रानात होती, तवा तिनं खरी दिली. खरा लांडगा होता. माणसं धावली म्हणून पोरगी राहिली.

रात्रंदिवस इचार केला. पोरीला काय ठाऊक, तिचं गाणं मोबाईलवर माझ्यापर्यंत येईल म्हणून? हाळी ऐकणारं कुणी असंल तरच देत्यात. त्या हॉलमधी ती हाळी कळणारं एकच माणूस होतं, पहिल्या रांगेत बसल्यालं. हिरवं लुगडं नेसल्यालं. तू टाळ्या वाजवत होतीस.

जावयाची नोकरी जाईल म्हणून तू गप बसलीस, असं मी म्हणत न्हाई. तू ऐकलं न्हाईस, असंबी म्हणत न्हाई.

हा कागद माझा भाऊ बंकट हातोहात आणतोय. तिथं पालक म्हणून सही तुझी हाय, तुझ्याशिवाय पोरगी सोडत न्हाईत. म्हणून चुलीवर काय असंल ते उतरव, पायात चप्पल घाल, त्याच्या संगट जा. जावयाला सांगू नको. मोठ्या बाईंनी चहा दिला तर पिऊ नको. आजी मरायला टेकली म्हण, मला चालंल. पोरीला हाताला धरून आण आणि मोटारीत बसव. गाणं बुडत न्हाई, दुसरं ठिकाण मी हुडकीन, पर दाराशी बसून.

तुझ्या पत्राची मी वाट बघत न्हाई. जावयानं तर पेन हातात धरायचं न्हाई. ह्या कागदाचं उत्तर मोहिनी देईल, माझ्या उंबऱ्यात उभी राहून, तिच्या तोंडानं. दुसऱ्या कुणाचं मी ऐकून घेणार न्हाई.

तुझी माय,
साखराबाई