एप्रिलमधलं वाक्य

५ जुलै, शनिवार
पेणला पहिली बैठक. समुपदेशक नूतन मॅडम. सुशील पस्तीस मिनिटं बोलला, मी चार. घड्याळ समोरच होतं. मॅडमचा गृहपाठ — रोज संध्याकाळच्या चहाला दहा मिनिटं नवराबायकोने समोरासमोर बसायचं आणि मनातलं बोलायचं. मनातलं म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगत नाही!

सुशीलच्या बँकेने त्याची पुण्याला बदली केली आहे. एकटा जाणार की दोघं, हे महिनाअखेर ठरवायचं. म्हणून हे सगळं.

८ जुलै
दहा मिनिटं. आमच्या रोह्याच्या प्लँटमधलं एक प्रेशर गेज दोन टक्के जास्त दाखवत होतं, ते कसं सापडलं ते सांगितलं. तो म्हणाला, "हा रिपोर्ट झाला."

मग काय हवंय?

९ जुलै
आज त्याने विषय दिला — "तू". मी कपबशा विसळायला उठले.

१२ जुलै, शनिवार
चिडले. मॅडमना म्हटलं, कमी बोलणं हा बिघाड नाही. बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असताना कोणी बोलत नाही. लहानपणी मी तासन्तास शेजारी बसायचे. आमचं काही अडलं नाही. त्या म्हणाल्या, गप्प राहा की. पण तुम्ही शेजारी आहात, हे सुशीलना कळतं का?

मग मी काढलंच. एप्रिलमध्ये बाबा म्हणाले होते, "माझा हात हलतो गो. डोळे आता काळुराम आखील." चाळीस वर्षांचं काम सुटलं त्यांचं, हाताखालच्या कारागिराकडे गेलं. मी त्याच दिवशी सुशीलला सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि मोबाईल बघत राहिला. त्यानंतर कशाला बोलायचं मी?

सुशील माझ्याकडे बघतच राहिला. "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

मॅडमसमोर धडधडीत खोटं.

१३ जुलै
दहा मिनिटं बंद. तो फोनवर पुण्यातल्या खोलीची चौकशी करत होता. एका माणसासाठी.

१४ जुलै
तारखेसकट पुरावा दाखवायचा म्हणून जुनी वही काढली.

१७ एप्रिल — "पेणहून बाबांकडून येताना एसटीत वाक्य तयार केलं. चारदा बदललं. घरी आल्यावर म्हटलं, एक सांगायचंय. 'हं' म्हणाला, मोबाईलवर होता. उद्या सांगेन."

१८ एप्रिलला प्लँटचं शटडाऊन. सांगितल्याची नोंद शोधत पुढची सगळी पानं पाहिली. नाही.

सुशील आत चहा ठेवतोय. वही घेऊन जाते.